शब्द, व्याख्या आणि दाखला

मोसम नदीच्या एका तीरावर यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट आणि दुसऱ्या तीरावर कॅम्पातील शाळा, महाविद्यालये व कचेऱ्या, अशी मालेगाव शहराची स्थूल वाटणी करणे सोपे आहे. परंतु या शहरातील भाषांची वाटणी इतक्या सहजपणे करता येत नाही. १८५७ च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानातून जी विणकर कुटुंबे दक्षिणेकडे सरकत येथे स्थायिक झाली, त्यांनी आपल्याबरोबर आणलेली उर्दू आज शहराच्या फार मोठ्या भागात घरात, कारखान्यात आणि शाळेत नांदते आहे. शहराभोवतालच्या कसमादे पट्ट्यातील खेड्यांतून कांदा आणि डाळिंब घेऊन बाजार समितीच्या आवारात उतरणारा शेतकरी घरी अहिराणी बोलतो. आणि तहसिलीच्या दप्तराची भाषा मराठी आहे. अशा गावी वाढणारे मूल, ज्याला आई घरी ‘आंडोर’ म्हणते आणि ज्याचे गुरुजी वहीत ‘मुलगा’ असे लिहून घेतात, ते आठ-दहा वर्षांचे होण्यापूर्वीच दोन भाषांचे, कित्येकदा तीन भाषांचे, हजारो शब्द अचूक वापरू लागते, आणि तेही कोणताही कोश न उघडता.

हेच मूल बारावीच्या वर्गात पोचते तेव्हा त्याच्या इंग्रजीची स्थिती काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढील विवेचनाचे प्रयोजन निराळे सांगावे लागणार नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आजचा विद्यार्थी बारा वर्षे ती भाषा शिकलेला असतो, शेकडो शब्दांचे अर्थ त्याला मुखोद्गत असतात, धड्यातील उतारा तो वाचतो आणि त्याचा भावार्थही सांगतो. परंतु बँकेच्या व्यवस्थापकाला दहा ओळींचा अर्ज लिहावयाचा झाला, की त्याची लेखणी जागच्या जागी थबकते. शब्द त्याच्यापाशी आहेत, पण ते त्याच्या उपयोगी पडत नाहीत. याचे कारण त्याच्या बुद्धीत किंवा परिश्रमात शोधणे हा त्याच्यावर अन्याय होईल. ते शब्द त्याला ज्या रीतीने मिळाले त्या रीतीत ते शोधले पाहिजे. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे बरोबरीचे चिन्ह आणि त्यापुढे एक मराठी अथवा उर्दू शब्द, अशा जोड्या करून त्याने ते साठविलेले असतात, आणि प्राथमिक शब्दांच्या बाबतीत ही जोडी जितकी निर्धोक, तितकीच प्रगत शब्दांच्या बाबतीत ती घातक ठरते.

‘डिस्कस’ म्हणजे ‘चर्चा करणे’ हे समीकरण चुकीचे नाही. तथापि मराठीत चर्चा एखाद्या गोष्टीविषयी करावयाची असते, म्हणून आपला विद्यार्थी ‘वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर’ असे लिहितो, आणि इंग्रजीत त्या ‘अबाउट’ला तेथे थारा नाही हे त्याच्या समीकरणाने त्याला कधीच सांगितलेले नसते. ‘मला समजावून सांगा’ या वाक्यातील ‘मला’ जसाच्या तसा उचलून तो ‘एक्सप्लेन मी’ म्हणतो. लग्न एखाद्याशी होते, म्हणून ‘मॅरिड विथ’ लिहितो. या चुका व्याकरणाच्या पुस्तकाने दुरुस्त होत नाहीत, कारण त्या व्याकरणाच्या नियमांत राहतच नाहीत. त्या एकेका शब्दाच्या घरी राहतात. इंग्रजी क्रियापद आपल्याबरोबर आपली वाक्यरचना घेऊनच फिरत असते, आणि ती रचना ज्याने शब्दाबरोबर घेतली नाही त्याने तो शब्द अर्धाच घेतला असे समजावे.

याहूनही सूक्ष्म असा एक दोष आहे. ‘कॉज’ या क्रियापदाचा अर्थ ‘कारणीभूत होणे’ असा पाठ केलेला विद्यार्थी ‘हिज टीचर कॉज्ड हिज सक्सेस’ असे वाक्य लिहितो. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही, आणि तरीही इंग्रजीचा जाणकार ते वाचताना अडखळतो, कारण अपघात, नुकसान, रोग, विलंब अशा अनिष्ट गोष्टींशीच त्या क्रियापदाचे बहुधा साहचर्य असते. मराठी वाचकाला हे नवल वाटण्याचे कारण नाही. ‘दारूपायी संसार बुडाला’, ‘लोभापायी भावाभावांत वितुष्ट आले’ ही वाक्ये आपण सहज बोलतो. परंतु ‘अभ्यासापायी तो पहिला आला’ असे कोणी म्हटले, तर अक्षरशत्रू मनुष्यसुद्धा चमकून पाहील. ‘पायी’ हे अनिष्टाचेच कारण दर्शविते, असे आपल्याला कोणी शिकविले नव्हते. शेकडो वाक्ये ऐकून ते आपल्या कानाला कळले. इंग्रजी शब्दांसाठी असा कान तयार करणे हेच प्रगत शब्दसाधनेचे खरे काम आहे. शब्दांची संख्या वाढविणे ही त्यानंतरची गोष्ट होय.

शब्दाचा अर्थ मनुष्याला कळतो तरी कसा, या प्रश्नाचा विचार आपल्याकडील नैयायिकांनी फार पूर्वी आणि फार बारकाईने करून ठेवला आहे, आणि इंग्रजीच्या अध्यापनावरील पुस्तकांत त्याचा उल्लेखही नसावा ही मला मोठी उणीव वाटते. शब्दाची शक्ती कळण्याचे आठ मार्ग त्यांनी सांगितले आहेत: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि सिद्धपदाचे सान्निध्य. या आठांत कोश हा केवळ एक आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. वडीलधारा मनुष्य धाकट्याला ‘गाय आण’ म्हणतो आणि धाकटा गाय आणतो. मग ‘गाय बांध’ म्हणतो, पुढे ‘घोडा आण’ म्हणतो. जवळ बसलेले मूल कोणता शब्द बदलला असता कोणती क्रिया बदलली हे पाहून प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा काढते, हा व्यवहार. आंब्याच्या झाडावर मधुर स्वरात ‘पिक’ गातो आहे असे वाक्य आले आणि ‘पिक’ हा शब्द अपरिचित असला, तरी आंबा, मधुर आणि गाणे या परिचित शब्दांच्या शेजारामुळे तो कोकीळ असला पाहिजे हे कळते, हे सिद्धपदाचे सान्निध्य. ‘यव’ म्हणजे नेमके कोणते धान्य असा वाद उत्पन्न झाला, तेव्हा पुढील वाक्यात, इतर पिकांची पाने गळत असताना हे धान्य कणसांनी डोलत उभे असते असे जे वर्णन आले आहे, त्यावरून ते जव होय असा निर्णय देण्यात आला, हा वाक्यशेष. आणि विवृती म्हणजे त्याच भाषेतील सोप्या शब्दांत केलेला उलगडा, म्हणजेच या प्रकरणात जिला आपण व्याख्या म्हणतो ती. इंग्रजी शब्दसाधनेची आधुनिक शास्त्रे ज्या दोन साधनांवर उभी आहेत, ती व्याख्या आणि उदाहरणवाक्य, या आठ मार्गांच्या यादीत शेवटच्या चार जागांवर बसलेली आढळतील.

व्याख्या चांगली कोणती, याचाही निकष आपल्याला परका नाही. लक्षणाचे तीन दोष तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठातच सांगितलेले असतात. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी असे म्हटले, तर ते म्हशीलाही लागू पडते, ही अतिव्याप्ती. तांबूस रंगाचा प्राणी म्हटले, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. एकसंध खुराचा प्राणी म्हटले, तर ते कोणत्याच गाईला लागू पडत नाही, हा असंभव. हे तीन दोष घेऊन मालेगावच्याच धंद्यातील एक शब्द तपासू. ‘वीव्ह’ म्हणजे ‘विणणे’, असे द्विभाषिक कोश सांगतो. परंतु मराठीत मागावरचे कापडही विणतात आणि सुयांवरचा स्वेटरही विणतात, आणि इंग्रजीत स्वेटरासाठी ‘निट’ हे निराळे क्रियापद आहे. ‘टू मेक क्लॉथ’ अशी व्याख्या केली, तर ती ‘निट’लाही लागू पडते, म्हणजे अतिव्याप्त झाली. ‘मागावर सुताचे कापड काढणे’ अशी केली, तर येवल्याची रेशमी पैठणी आणि बुरडाची टोपली दोन्ही वगळली जातात, म्हणजे ती अव्याप्त झाली. ‘एकाच धाग्याचे टाके एकमेकांत अडकवीत जाणे’ अशी केली, तर ती वर्णन दुसऱ्याच क्रियेचे करते. ‘धागे किंवा पट्ट्या एकमेकांच्या वरून व खालून ओवीत वस्त्रासारखी वस्तू तयार करणे’ ही व्याख्या मात्र टिकते. जो विद्यार्थी अशा रीतीने एका शब्दाची व्याख्या स्वतः घासून पाहतो, त्याला ‘वीव्ह’ कधीच विसरत नाही, आणि ‘निट’ही त्याच वेळी मिळून जातो.

तथापि तर्काला निर्दोष असलेली व्याख्या शिकणाऱ्याला उपयोगी असेलच असे नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा १७५५ चा इंग्रजी कोश हा सुमारे ४२,००० शब्दांचा आणि लाखाहून अधिक अवतरणांचा अपूर्व ग्रंथ. परंतु जाळे या अगदी साध्या वस्तूची व्याख्या करताना त्यांनी ‘रेटिक्युलेटेड’ आणि ‘इंटरस्टिसेस’ असे शब्द योजले, की ज्यांच्यासाठी वाचकाला तोच कोश पुन्हा उघडावा लागावा. परभाषिक विद्यार्थ्याच्या बाबतीत ही अडचण शतगुणित होते. तिच्यावर पहिला प्रभावी उपाय शोधला गेला तो इंग्लंडात नव्हे, तेव्हाच्या हिंदुस्थानात. मायकेल वेस्ट हे शिक्षणखात्यातील इंग्रज अधिकारी ढाक्यास अध्यापक-विद्यालयात काम करीत होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे, आणि वाचनात त्यांना अडवितात ते शब्द, हे त्यांनी प्रत्यक्ष वर्गांत पाहिले. प्रथम मोजके शब्द पक्के करावेत, आणि मग त्या मोजक्या शब्दांतच बाकीच्या सर्व शब्दांचा उलगडा करावा, ही त्यांची तजवीज. आणि तिच्या आधारे १९३५ साली त्यांनी जेम्स एन्डिकॉट यांच्या साहाय्याने जो कोश प्रसिद्ध केला, त्यात अवघ्या १,४९० शब्दांच्या भांडवलावर सुमारे २४,००० शब्दांच्या व वाक्प्रचारांच्या व्याख्या दिलेल्या होत्या. ज्याला ते दीड हजार शब्द येतात त्याला तो कोश कोठेही अडवीत नाही, ही केवढी मोठी सोय झाली याची कल्पना ज्याने शब्दामागून शब्द शोधीत रात्री घालविल्या आहेत त्यालाच येईल.

दुसरी उणीव वाक्यरचनेची, ती ए. एस. हॉर्नबी यांनी जपानात भरून काढली. १९२४ साली तेथे अध्यापनासाठी गेलेल्या या गृहस्थांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह जो कोश सिद्ध केला, त्यात प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात बसते हे दाखविण्यासाठी पंचवीस क्रियापदरचना ठरवून दिल्या होत्या आणि साध्या, रोजच्या व्यवहारातील उदाहरणवाक्यांची रेलचेल होती. ऐन महायुद्धात, १९४२ साली, तो टोकियोत छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ या नावाने आज मालेगावच्या पुस्तकांच्या दुकानांतूनही जो जाडजूड कोश मिळतो, तो त्याचाच वंशज होय. १९७८ च्या लाँगमन कोशाने वेस्ट यांचे तत्त्व सुमारे दोन हजार शब्दांच्या मर्यादेत पुन्हा अंगीकारले. आणि १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या कोबिल्ड कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिण्याचा पायंडा पाडला, आणि उदाहरणे कल्पून न लिहिता छापील व बोलल्या गेलेल्या इंग्रजीच्या प्रचंड संग्रहातून जशीच्या तशी उचलली.

पूर्ण वाक्यातील व्याख्येचा लाभ एका शब्दावरून पाहू. ‘मिटिगेट’ म्हणजे ‘सौम्य करणे’, एवढ्यावर जो थांबला तो उद्या भाजीचा तिखटपणाही ‘मिटिगेट’ करील आणि स्वतःचा आवाजही. परंतु ‘एखाद्या अनिष्ट गोष्टीचा परिणाम अथवा तीव्रता जर तुम्ही कमी केली, तर तुम्ही ती मिटिगेट केली’ अशी व्याख्या मिळाली, की त्याचे कर्म अनिष्टच असले पाहिजे हे व्याख्येतच येऊन जाते. आता तिला वाक्य जोडावे: ‘द कॅनॉल डिड नॉट एन्ड द ड्राउट, इट मिटिगेटेड इट्स इफेक्ट्स.’ कालव्याने दुष्काळ संपला नाही, त्याची झळ कमी झाली. चणकापूर आणि गिरणा धरणांच्या पाण्यावर ज्यांचे नळ चालतात, त्यांना या वाक्यातील भेद समजावून द्यावा लागत नाही. आणि ‘मिटिगेट’च्या पाठोपाठ ‘इफेक्ट्स’, ‘रिस्क’, ‘डॅमेज’ हे शब्द येतात, हे साहचर्यही त्याच वेळी मनात रुजते. कोशातील वाक्य वाचून झाल्यावर स्वतःच्या परिसरातील एक वाक्य रचणे हा म्हणूनच या पद्धतीचा मर्मभाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शब्दाचे असे वाक्य रचता आले नाही, तो शब्द अजून आपला झालेला नाही.

जवळजवळ समानार्थी वाटणाऱ्या शब्दांच्या बाबतीत तर व्याख्या आणि दाखला यांच्यावाचून पाऊलही टाकता येत नाही. ‘व्हेग’ आणि ‘ॲम्बिग्युअस’ हे दोन शब्द आपले विद्यार्थी सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, कारण दोहोंपुढे त्यांनी ‘अस्पष्ट’ असेच लिहून ठेवलेले असते. व्याख्या मात्र निराळे सांगतात: ज्याचा अर्थ पुरेसा निश्चित केलेला नाही ते ‘व्हेग’, ज्याचे दोन किंवा अधिक निश्चित अर्थ होऊ शकतात ते ‘ॲम्बिग्युअस’. याचा दाखला मालेगावच्या इतिहासातच आहे. १८१८ च्या उन्हाळ्यात, पेशवाई बुडत असताना, सरदार नारोशंकरांनी बांधलेल्या येथील भुईकोट किल्ल्यातील अरब शिबंदीने इंग्रजी फौजेला सुमारे महिनाभर दाद दिली नाही. दोन्ही बाजूंची माणसे पडली. आणि अखेर जून महिन्यात शरणागतीची बोलणी होऊन इंग्रजी फौजेचे प्रमुख कर्नल मॅकडॉवेल यांच्या बाजूने जो मराठी कागद शिबंदीला लिहून देण्यात आला, त्यातील शब्दयोजना इंग्रजांच्या मनात होते त्याहून अधिक उदार अर्थ देऊ शकेल अशी निघाली. पुढे त्या कागदाचा अर्थ लावण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या दुहेरी अर्थाचा लाभ शिबंदीच्याच पदरात पडला. तो कागद ‘व्हेग’ नव्हता. त्यात काय म्हटले आहे हे प्रत्येक पक्षाला ठाऊक होते, आणि प्रत्येकाला ते निराळे ठाऊक होते. ‘द वर्डिंग वॉज ॲम्बिग्युअस, ॲन्ड द गॅरिसन गेन्ड बाय इट.’ आता दुसरे वाक्य पाहावे: भाडे केव्हा देणार असे विचारले असता एखादा मनुष्य ‘बघू, देऊ लवकरच’ असे म्हणतो, ‘ही गेव्ह ए व्हेग रिप्लाय.’ ज्या किल्ल्याच्या आवारात आज शाळा भरते, तेथील मुलांना हा भेद शिकविण्यास विलायती उदाहरणांची गरज नाही. उर्दू माध्यमातील विद्यार्थ्याने आता ‘ॲम्बिग्युअस’पुढे ‘मुबहम’ लिहावे, मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने ‘द्व्यर्थी’ लिहावे. दोन्ही चालतील, कारण आता ते शब्द अर्थाची जागा अडवून बसलेले नसून अर्थाकडे बोट दाखविणारे झाले आहेत.

यावरून द्विभाषिक कोश टाकून द्यावेत असा अर्थ कोणी काढू नये. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, आणि सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७), त्याचा जोडीदार असा मोल्सवर्थ व कॅन्डी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश, आणि पुढे नी. बा. रानडे यांचा विसाव्या शतकाच्या आरंभी भागशः निघालेला इंग्रजी-मराठी कोश, ही आपल्या भाषेची मोठी मिळकत आहे, तसेच मौलवी अब्दुल हक यांनी १९३७ साली औरंगाबादेहून प्रसिद्ध केलेला इंग्रजी-उर्दू कोश ही उर्दूची. या कोशांच्या मागे कित्येक शास्त्री, मुनशी आणि मौलवी यांचे आयुष्यभराचे श्रम आहेत, आणि अनुवादकाला त्यांच्याविना गत्यंतर नाही. अट एवढीच, की त्यांच्याकडे जावयाचे ते इंग्रजी व्याख्या आणि वाक्य वाचून झाल्यावर, आपल्याला लागलेला अर्थ पडताळून पाहण्यासाठी, आरंभीच नव्हे.

शब्द निवडावेत कोणते, हा प्रश्न पुष्कळांना सतावतो. ऑक्सफर्डचा थोरला कोश १९२८ साली पूर्ण झाला, तेव्हा त्यात ४,१४,८२५ शब्दांची नोंद होती, आणि ते सर्व शब्द येणारा एकही मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार सर्वोपयोगी शब्दांची यादी दिली. तिच्या पुढची पायरी म्हणून न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय ग्रंथांच्या संग्रहातून ५७० शब्दकुलांची यादी काढली, आणि ‘ॲनलाइज’, ‘कॉन्सिक्वेन्स’, ‘सिग्निफिकंट’, ‘डिराइव्ह’ असे जे शब्द कोणत्याही शास्त्राच्या पुस्तकात पानोपानी भेटतात ते त्यात एकत्र आले. बारावीनंतर अभियांत्रिकी, वैद्यक किंवा कायदा यांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने हे पाचशे सत्तर आधी आत्मसात करावेत. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ज्या दुर्मीळ शब्दांच्या लांबलचक याद्या छापलेल्या असतात, आणि ज्यांतील शब्द सबंध वर्षभराच्या वाचनात क्वचितच भेटतो, त्यांच्यावर तरुण मुलांनी उमेदीचे महिने खर्चावेत हे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

नॉर्मन लुईस यांच्या १९४९ च्या प्रसिद्ध पुस्तकाने लॅटिन व ग्रीक धातूंवरून शब्द ओळखण्याची जी वाट लोकप्रिय केली, ती संस्कृताशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला विशेष रुचते, आणि ते स्वाभाविक आहे; ‘दंत’ आणि ‘डेंटल’, ‘मातृ’ आणि ‘मेटर्नल’, ‘नाम’ आणि ‘नॉमिनल’ यांचे नाते पाहून कोणालाही आनंद होईल. परंतु धातू शब्दाचे कूळ सांगतो, त्याचा आजचा व्यवसाय सांगत नाही. ‘कॅन्डिड’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला त्याचा अर्थ शुभ्र. त्यावरून ‘मनात काही न ठेवता स्पष्ट बोलणारा’ हा आजचा अर्थ कोणाला सुचावा?

शब्दांची वही कशी ठेवावी, यासाठी सुताच्या जुन्या पेढ्यांवरील हिशेबाची पद्धत उत्तम आहे. दिवसभरात झालेला प्रत्येक व्यवहार मुनीम क्रमाने रोजकीर्दीत टिपतो, आणि मग तोच खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवितो. शब्दांचेही तसेच करावे. वाचताना जो शब्द अडला तो, ज्या वाक्यात भेटला त्या संपूर्ण वाक्यासह, एका वहीत तारखेवार लिहावा. रात्री कोश पाहून त्याची व्याख्या इंग्रजीतच, शक्यतो आपल्या शब्दांत, त्याखाली उतरावी. आणि दुसऱ्या वहीत, न्यायालय, शेती, व्यापार, स्वभाव, वाद अशी खाती पाडून, तो शब्द त्याच्या सोबत्यांसह योग्य खात्यावर चढवावा आणि तेथे स्वतःचे एक वाक्य लिहावे. डाळिंबाच्या बागेसाठी आणलेल्या औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रक हेही या कामी चांगले वाचन आहे: ‘रेसिड्यू’, ‘हॅझार्डस’, ‘ॲन्टिडोट’, ‘प्रिकॉशन’ हे शब्द तेथे वाक्यांत भेटतात, आणि त्यांचा अर्थ चुकणे परवडणारे नसते, त्यामुळे मन आपोआप एकाग्र होते. अशा रीतीने रोज चार शब्दांहून अधिक घेऊ नयेत.

घेतलेले शब्द विसरतात, हा सर्वांचा अनुभव आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले, की पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावत जातो. आणि उजळणी एका बैठकीत दहा वेळा करण्यापेक्षा ती दिवसांच्या अंतराने करणे लाभदायक असते. म्हणून दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, अशी निदान तीनदा त्या वहीची पाने उलटावीत. आणि उलटताना व्याख्या झाकून आपले वाक्य वाचावे, व त्यावरून व्याख्या आठवते का ते पाहावे. व्याख्येवरून शब्द आठवणे ही त्याहून कठीण, परंतु लेखनाच्या दृष्टीने अधिक मोलाची परीक्षा आहे, कारण लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ आधी येतो आणि शब्द त्याला शोधावा लागतो.

आपल्या शाळांना याबाबत एक विनंती करावीशी वाटते. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला जात आहे, आणि त्याच प्रश्नामुळे आपल्या भाषेतील शेकडो वाक्प्रचार खेड्यापाड्यांतील मुलांच्या जिभेवर जिवंत राहिले आहेत. हाच प्रश्न इंग्रजीच्या तासाला, नव्या धड्यातील चार शब्दांपुरता का होईना, रोज विचारला जावा. वाक्य मुलाच्या स्वतःच्या गल्लीतले, शेतातले किंवा कारखान्यातले असावे, पाठ्यपुस्तकातले नसावे. आणि ते चुकले तर शिक्षकांनी गुण न कापता त्याच्याशेजारी बरोबर वाक्य लिहून द्यावे. पालकांनी कोश विकत घेताना कोणतेही पान उघडून एवढेच पाहावे, की प्रत्येक अर्थाखाली सोपी इंग्रजी व्याख्या आणि निदान एक पूर्ण वाक्य आहे की नाही. ते नसेल तर, शब्दांची संख्या कितीही मोठी छापलेली असली तरी, तो कोश घेऊ नये.